बटणाला नाव देणारी फाइल

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले की साधारण 50 किलोमीटरवर रांजणगाव लागते. भाविकांना ते महागणपतीचे म्हणून ठाऊक आहे, नोकरी शोधणाऱ्यांना एमआयडीसीचे. इथे मोटारी बनतात, फ्रिज आणि धुलाईयंत्रे बनतात, आणि कुठल्याही मोठ्या कारखान्याप्रमाणे इथलेही अर्धे काम संगणकावर चालते. हजेरी, पाळ्यांचे वेळापत्रक, ओव्हरटाइम, गेटपास, मालाची आवक-जावक हे सगळे संगणकात. यांतली बरीच कामे दृष्टी नसलेला माणूस उत्तम करू शकतो. पूर्वी अशा माणसाला कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची जागा मिळायची. तो स्विचबोर्ड गेला आणि त्याच्याबरोबर ती हमखास नोकरीही गेली. आता जी कामे उरली आहेत ती सॉफ्टवेअरच्या दारातून जातात, आणि त्या दारात त्याला पुष्कळदा एकच शब्द ऐकू येतो: बटण.

समजा, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये हजेरीचे सॉफ्टवेअर आहे. वरच्या पट्टीत सहा बटणे, प्रत्येकावर छोटे चित्र. डोळस कारकुनाला चित्र पाहून कळते की हे मस्टर, हे पाळीबदल, हे ओव्हरटाइम. दृष्टिहीन कारकून टॅब दाबत जातो आणि कानातला आवाज सहा वेळा 'बटण' म्हणतो. दोष त्या आवाजाचा नसतो. तो आवाज ज्या प्रोग्रामचा, तो स्क्रीन रीडर पडदा पाहत नाही. तो समोरच्या प्रोग्रामला विचारतो की तुझ्या या भागाचे नाव काय, प्रकार काय, तो चालू आहे की बंद. हे विचारण्याची ठरावीक रीत मायक्रोसॉफ्टने 1997 मध्येच विंडोजला दिली होती. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने बटणाला नावच ठेवले नसेल तर उत्तर येत नाही.

अशा वेळी एक मार्ग सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला पत्र लिहिण्याचा. तो धरावाच. दुसरा मार्ग स्वतः नाव ठेवण्याचा. एक छोटी फाइल लिहायची आणि स्क्रीन रीडरला सांगायचे की हा प्रोग्राम उघडला की पहिल्या बटणाला 'मस्टर' म्हण. हीच ती स्क्रिप्ट किंवा ॲड-ऑन. मराठीत या विद्येबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते, कारण अंधांच्या संगणकसाक्षरतेत हीच पायरी अशी आहे की जिथे वापरणारा स्वतः कारागीर होतो.

ही सोय मुळात अंधांनीच घडवली. अमेरिकेतला टेड हेंटर हा मोटारसायकल शर्यतींत उतरणारा तरुण. 1978 मध्ये गाडीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली. तो प्रोग्रामिंग शिकला आणि 1987 मध्ये त्याने फ्लोरिडात हेंटर-जॉइस ही कंपनी भागीदारीत काढली. तिचा 'जॉज' हा स्क्रीन रीडर 1989 मध्ये डॉससाठी आला, 1995 मध्ये विंडोजसाठी. नोकरीच्या ठिकाणचे प्रत्येक सॉफ्टवेअर आपण आधी पाहू शकणार नाही, हे या मंडळींना ठाऊक होते. म्हणून डॉसच्या काळापासून जॉजमध्ये वापरणाऱ्याला स्वतःचे मॅक्रो लिहिता येत, आणि विंडोजमध्ये त्याचीच पुढे पूर्ण स्क्रिप्ट-भाषा झाली.

जॉजची एक स्क्रिप्ट म्हणजे एक फाइल नसते, कुटुंब असते. जेएसएस ही माणसाने वाचायची मूळ फाइल. ती कंपाइल केली की यंत्राने वाचायची जेएसबी तयार होते. कुठली कळ दाबल्यावर काय चालावे हे जेकेएममध्ये, उच्चारांचा कोश जेडीएफमध्ये, मांडणीच्या आवडीनिवडी जेसीएफमध्ये, कुठली स्क्रिप्ट काय करते याची माहिती जेएसडीमध्ये. सगळ्यांचे नाव त्या प्रोग्रामच्या नावावरून ठेवायचे, म्हणजे तो प्रोग्राम उघडताच जॉज त्यांना आपोआप उचलतो. स्क्रिप्ट मॅनेजर उघडायला इन्सर्ट आणि शून्य एवढ्या दोन कळा पुरतात.

घोळ होतो तो फाइली सांभाळताना. जॉजबरोबर आलेल्या फाइली एका सामाईक फोल्डरात असतात, आपण बदललेल्या आपल्या स्वतःच्या फोल्डरात, आणि एकाच नावाच्या दोन असल्या तर आपली जिंकते. एखाद्याने मूळ 'डिफॉल्ट' स्क्रिप्टची नक्कल आपल्या फोल्डरात आणून तिच्यात एक ओळ घातली, की ती नक्कल पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत नेल्यावर तिथेही जुनीच चालवली जाण्याचा धोका राहतो. नव्या सोयी संगणकात येतात आणि झाकलेल्याच राहतात. शिवाय प्रत्येक आवृत्तीचे फोल्डर वेगळे, त्यात भाषेचे उपफोल्डर वेगळे. त्यामुळे जाणकार माणूस मूळ फाइलीत आपला मजकूर मिसळत नाही. आपला भाग वेगळ्या फाइलीत लिहितो आणि मुख्य फाइलीत तिचा फक्त उल्लेख करतो.

जॉजची किंमत हजारो रुपयांत जाते. शिरूर-दौंडच्या गावातून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाच्या घरी तो परवाना विकत घेतला जाणे अवघड. त्याच्या हाती असतो तो 'एनव्हीडीए'. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये तो पायथन भाषेत लिहायला घेतला. त्याला जेम्स टेह हा अंध मित्र येऊन मिळाला, आणि त्यातून एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था उभी राहिली. हा स्क्रीन रीडर फुकट आहेच, शिवाय त्याची संहिता कुणालाही वाचता, बदलता येते. वेबएम या संस्थेने 2024 मध्ये जाहीर केलेल्या जागतिक पाहणीत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून 40.5 टक्क्यांनी जॉज सांगितला, 37.7 टक्क्यांनी एनव्हीडीए. विकत आणि फुकट यांतले अंतर एवढे कमी झाले आहे.

आता त्या टाइम ऑफिसकडे परत जाऊ आणि एनव्हीडीएमध्ये हे काम कसे होते ते जवळून पाहू. कारकून पहिल्या बटणावर थांबतो आणि एनव्हीडीएची कळ व एफ1 दाबतो. एक खिडकी उघडते आणि त्या बटणाबद्दल स्क्रीन रीडरला जे जे ठाऊक आहे ते ओळीओळीने ऐकवते: नाव काही नाही, प्रकार बटण, खिडकीचा वर्ग अमुक, नियंत्रण क्रमांक 1012. हा क्रमांक म्हणजे धागा. मग ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन 'स्क्रॅचपॅड' हे कच्च्या कामाचे फोल्डर चालू करायचे, त्यातल्या ॲप-मॉड्यूल फोल्डरात प्रोग्रामच्या नावाची पायथन फाइल करायची आणि तिच्यात मोजक्या ओळी लिहायच्या. अर्थ एवढाच, की या प्रोग्राममधली नवी वस्तू समोर आली आणि तिचा क्रमांक 1012 असला, तर तिचे नाव 'मस्टर'. फाइल युनिकोडमध्ये साठवायची, एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ3 दाबायचे, पुन्हा त्या बटणावर जायचे. 'मस्टर, बटण.'

पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे यावर अर्थ ठरतो, आणि डोळे नसताना ते कसे कळावे असा प्रश्न डोळस माणूस हमखास विचारतो. एनव्हीडीएत ओळीचा समास सुरांतून ऐकायची सोय आहे. ओळ जितकी आत, तितका सूर बदलतो. सरावलेला प्रोग्रामर ओळ वाचली जाण्याआधीच त्या सुरावरून ती कुठल्या अटीच्या पोटात आहे हे ओळखतो.

सगळेच इतके सरळ नसते. काही सॉफ्टवेअरमध्ये हा नियंत्रण क्रमांक प्रोग्राम दर वेळी उघडताना बदलतो. डॉटनेटच्या जुन्या पद्धतीच्या खिडक्यांत हे नेहमी घडते. आज नीट चाललेली स्क्रिप्ट उद्या सकाळी गप्प होते, आणि नवशिक्याला वाटते आपलेच काही चुकले. तिथे क्रमांकाऐवजी न बदलणारी दुसरी खूण शोधावी लागते: ऑटोमेशन आयडी, नाहीतर पट्टीतला कितवा भाग आहे तो क्रम. पहिल्या खुणेवर भरवसा ठेवण्याआधी प्रोग्राम बंद करून, पुन्हा उघडून ती पडताळावी, एवढे एक पथ्य पाळले तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

कच्चे काम जमले की त्याची ॲड-ऑन बांधता येते. एनव्हीडीएची ॲड-ऑन म्हणजे वेगळ्या शेपटीची झिप फाइलच. आत एक मॅनिफेस्ट असते: नाव, लेखक, आवृत्ती, किमान कुठला एनव्हीडीए लागेल, शेवटची चाचणी कुठल्या आवृत्तीवर झाली. त्यातली शेवटची नोंद निर्णायक ठरते. दर वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत एनव्हीडीएच्या आतल्या जोडण्या बदलू शकतात, आणि चाचणीची नोंद जुनी असलेली ॲड-ऑन तेव्हा बंद ठेवली जाते. सर्वांत मोठा दणका 2019.3 या आवृत्तीत बसला. ती 2020 च्या फेब्रुवारीत आली आणि एनव्हीडीए पायथन 2 वरून पायथन 3 वर गेला. ज्या ॲड-ऑनना सांभाळणारे कुणी उरले नव्हते, त्या तिथेच संपल्या. 2023.2 पासून ॲड-ऑन स्टोअर एनव्हीडीएच्या आतच आले, त्यामुळे शोधणे, अद्ययावत करणे, बंद करणे एका जागी होते. पण एका कारखान्यापुरती लिहिलेली ॲड-ऑन त्या स्टोअरमध्ये नसणार. ती ज्याने लिहिली त्याने दर वर्षी उघडून तपासायला हवी, आणि तो नोकरी सोडून गेला तर दुसऱ्या कुणाला तरी ती वाचता यायला हवी. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक टप्प्यावर साध्या मराठीत टीप लिहावी, असा माझा आग्रह आहे. पायथनला त्याने काही फरक पडत नाही, मागून येणाऱ्याला फार पडतो.

कंपनीच्या आयटी विभागाची धास्ती इथे समजून घेतली पाहिजे. ॲड-ऑनला वापरणाऱ्याचे सगळे अधिकार मिळतात, ती पडद्यावरचा मजकूर वाचू शकते, दाबलेल्या कळा ऐकू शकते. 'पेनड्राइव्हवरून काही टाकायचे नाही' हा नियम उगाच केलेला नसतो. पण ही फाइल साधा मजकूर आहे. पंचवीस ओळींची फाइल उघडून आयटीच्या माणसासमोर वाचून दाखवता येते, आणि तशी ती दाखवावी. नुसता नकार मिळाला म्हणून परत फिरू नये.

आता मराठीचा प्रश्न. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक एनजी हा आवाज मराठी बोलतो. त्याचे मराठी उच्चाराचे नियम आणि अपवादांची यादी या दोन वेगळ्या मजकूर-फाइली आहेत आणि त्या खुल्या आहेत. काम तिथे भरपूर पडले आहे. आपल्या च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत. 'चार' माणसे आणि गुरांचा 'चारा', 'जरा' थांब आणि म्हातारपणाची 'जरा' यांतला फरक यंत्राला कुणीतरी शब्दाशब्दाने सांगावा लागतो. त्याहून छुपी अडचण संकेतांची आहे. 'ॲप'मधला ॲ हा स्वतंत्र वर्ण म्हणून युनिकोडमध्ये 2008 मध्ये आला. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, काही जण हिंदी पद्धतीचा ऍ वापरत. कागदावर वाचणाऱ्याला तिन्हींचा अर्थ एकच, यंत्राला तीन वेगळे शब्द. 'शेतकऱ्याला'मधला ऱ्य देखील दोन तऱ्हांनी टंकला जातो. एनव्हीडीएच्या उच्चारकोशात एक शब्द सुधारायचा तर त्याची ही सगळी रूपे घालावी लागतात, नाहीतर सुधारणा अर्ध्याच ठिकाणी लागू पडते.

आणि जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा सुरेख यांसारख्या फॉन्टांत टंकलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत साठतो इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे म्हणून. स्क्रीन रीडर ती अक्षरेच वाचतो. कुणाच्या कार्यालयातले जुने परिपत्रक असे उघडले की कानावर निव्वळ कचरा येतो. हे बदलण्यासाठी निवडलेला मजकूर युनिकोडमध्ये पालटून वाचणारी ॲड-ऑन लिहिता येईल. अक्षराला अक्षर बसवून मात्र भागणार नाही, कारण त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठते आणि रफार नंतर, म्हणून क्रमही फिरवावा लागतो. मराठी वाचणाऱ्या अंध वाचकासाठी आज एकच ॲड-ऑन लिहायची असेल, तर मी हीच निवडेन.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्यांची नोंद सुमारे 5 लाख 74 हजार आहे. पुण्यात 1934 पासूनची अंधशाळा आहे, 1996 पासून निवांत अंध मुक्त विकासालय आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र 2003 पासून काम करते आहे. संगणक वापरायला शिकवण्याची परंपरा आपल्याकडे पक्की झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने, आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 30 एप्रिल 2025 च्या निकालाने कायद्याची बाजूही भक्कम झाली. त्या निकालाने बँकेचे ॲप बदलेल, बदलायलाच हवे. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसातल्या दहा वर्षे जुन्या सॉफ्टवेअरपर्यंत तो केव्हा पोचेल, याची वाट पाहत नोकरी थांबत नाही.

म्हणून मागणी अगदी नेमकी आहे. पुणे जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये डझनावारी आहेत आणि शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक गटाला प्रकल्प लागतो. त्यांतल्या काहींनी औद्योगिक वसाहतीतले एक सॉफ्टवेअर आणि ते रोज वापरू पाहणारा एक दृष्टिहीन कर्मचारी, अशी जोडी घ्यावी. पहिल्या दिवसापासून तो कर्मचारी गटात असावा, कारण कुठले बटण दिवसातून शंभरदा लागते आणि कुठले वर्षातून एकदा हे त्यालाच ठाऊक असते. प्रकल्पाचे गुण ॲड-ऑन चालली यावर संपू नयेत. पुढच्या एनव्हीडीएवर ती कशी तपासायची हे मराठीत लिहून ठेवले आहे का, आणि बिननावाच्या बटणांची यादी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवली आहे का, हेही तपासले जावे. त्या कंपनीने पुढच्या आवृत्तीत नावे भरली, तर ॲड-ऑन काढून टाकता येईल.