शेजाऱ्यांची फौज कशी उभी राहते?

आफ्रिकेतल्या एखाद्या देशात बंडाळी माजली, की काही महिन्यांनी बातमी येते: शेजारी देशांची संयुक्त फौज तिकडे रवाना. आपल्याकडे ती आतल्या पानावर दोन ओळींत संपते. ही फौज बोलावतं कोण, तिला हुकूम कोण देतं, तिचा खर्च कोण उचलतं आणि ती परत का जाते, हे त्या दोन ओळींत मावत नाही. ते आपण पायरीपायरीने पाहू. उदाहरण घेऊ मोझांबिकच्या काबो देलगादो प्रांताचं, कारण तिथे एकाच महिन्यात दोन वेगळ्या पद्धतींनी परदेशी सैन्य उतरलं आणि कुठल्या पद्धतीचं काय झालं ते शेजारीशेजारी ठेवून बघता येतं.

आधी जागेची ओळख. काबो देलगादो हे मोझांबिकचं ईशान्य टोक. वर टांझानियाची हद्द, पूर्वेला हिंदी महासागर. २०१० मध्ये इथल्या समुद्रतळाखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले. त्यातला एक प्रकल्प फ्रान्सची टोटल कंपनी चालवते. त्यात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे: ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया आणि मुंबईच्या भारत पेट्रोलियमची उपकंपनी. म्हणजे हे प्रकरण वाटतं तितकं लांबचं नाही.

५ ऑक्टोबर २०१७ रोजी मोसिंबोआ दा प्राया या बंदराच्या गावात सशस्त्र टोळीने पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. स्थानिक लोक या बंडखोरांना ‘अल-शबाब’ म्हणतात. सोमालियातल्या त्याच नावाच्या संघटनेशी त्यांची गल्लत करू नये. हे इथलेच आणि आसपासचे तरुण, पुढे इस्लामिक स्टेटच्या झेंड्याखाली गेलेले. ऑगस्ट २०२० मध्ये ते बंदरच त्यांच्या ताब्यात गेलं. २०२२ पर्यंत प्रांतात बेघर झालेल्यांची संख्या दहा लाखांच्या घरात पोचली.

आता पहिली पायरी: आमंत्रण. आफ्रिकी महासंघ, म्हणजे खंडातल्या देशांची सामाईक संघटना, २००२ मध्ये कामाला लागला. वंशसंहार, युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे होत असतील, तर सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा हक्क त्याच्या घटनेत स्पष्ट लिहिलेला आहे. तेवढं वाचून आपल्याला वाटेल, की यजमान देशाला विचारण्याची गरजच नाही. तसं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये महासंघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेने बुरुंडीत ५,००० सैनिक पाठवायचं ठरवलं. बुरुंडी सरकार म्हणालं, आलात तर हल्लेखोर समजू. पुढच्याच महिन्यात राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेने माघार घेतली. यजमानाने दार उघडल्याशिवाय कुणी आत जात नाही, हा इथला खरा कायदा.

आणि यजमान दार सहसा उशिरा उघडतो. शेजाऱ्याचं सैन्य बोलावणं म्हणजे आपलं सैन्य कमी पडलं अशी कबुली. शिवाय आलेल्या पाहुण्याला घरातल्या भानगडी दिसतात. म्हणून मोझांबिकने आधी भाड्याचे शिपाई आणून पाहिले. २०१९ मध्ये रशियाच्या वॅग्नर कंपनीची माणसं आली आणि मार खाऊन काही महिन्यांत निघून गेली. मग दक्षिण आफ्रिकेतल्या एका खासगी कंपनीची हेलिकॉप्टरं आली. २४ मार्च २०२१ ला बंडखोर वायुप्रकल्पाच्या दाराशी असलेल्या पाल्मा गावात घुसले. महिनाभरात टोटलने ‘फोर्स मेजर’ जाहीर केलं, म्हणजे हाताबाहेरच्या कारणामुळे करारातली बंधनं आता पाळता येत नाहीत, अशी रीतसर नोटीस दिली. २० अब्ज डॉलरचा प्रकल्प ठप्प झाला. तेव्हा कुठे दार उघडलं.

दुसरी पायरी निर्णयाची. कागदावर आफ्रिकी महासंघाची एक राखीव फौज आहे: खंडाचे पाच विभाग, प्रत्येक विभागाने आपलं दल तयार ठेवायचं. प्रत्यक्षात निर्णय त्या त्या विभागाच्या संघटनेत होतात. दक्षिणेत ही संघटना म्हणजे ‘सॅडेक’, खंडाच्या दक्षिण भागातल्या देशांचा विकास समुदाय, १६ देशांचा. इथे मतमोजणी होत नाही, सर्वांचं एकमत व्हावं लागतं. पाल्मा पडलं मार्चमध्ये. एप्रिलमध्ये पाहणी पथक गेलं. ठराव झाला २३ जूनला. गंमत म्हणजे त्या वर्षी सॅडेकचं अध्यक्षपद मोझांबिककडेच होतं. तरीही तीन महिने लागले, कारण सूत्रं कुणाच्या हाती राहणार हे राष्ट्राध्यक्ष फिलिपे न्युसी यांना आधी ठरवून हवं होतं.

दरम्यान न्युसींनी दुसरा दरवाजाही उघडला. त्यांनी रवांडाशी थेट करार केला. रवांडा सॅडेकचा सदस्यही नाही आणि मोझांबिकचा शेजारीही नाही. पण दोन सरकारांचं जमलं, की एकमताची वाट पाहावी लागत नाही. ९ जुलैला रवांडाने १,००० सैनिक व पोलीस पाठवायला सुरुवात केली. सॅडेकची फौज अधिकृतपणे त्यानंतर, १५ जुलैपासून. ८ ऑगस्टला रवांडा आणि मोझांबिकच्या सैन्याने मोसिंबोआ दा प्राया परत घेतलं. दुसऱ्या दिवशी प्रांताची राजधानी पेम्बा इथे सॅडेकच्या फौजेचा उद्घाटन समारंभ झाला. हा योगायोग सॅडेकच्या नेत्यांना कसा वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

तिसरी पायरी कागदांची, आणि ती कंटाळवाणी वाटते म्हणून वाचणारे ती ओलांडून जातात. दोन कागद महत्त्वाचे. एक म्हणजे मॅन्डेट, फौजेने काय करायचं आणि काय नाही याचं अधिकारपत्र. गोळी आधी झाडायची की स्वसंरक्षणापुरतीच, नागरिकांचं रक्षण करायचं की फक्त रस्ते राखायचे, मुदत किती, सगळं त्यात. दुसरा म्हणजे सैन्याच्या दर्जाचा करार: परदेशी सैनिकाने गुन्हा केला तर खटला कुठल्या देशात चालणार, त्यांच्या सामानावर जकात लागणार का, त्यांनी शस्त्र घेऊन कुठवर फिरायचं. हा कागद अडला, की आलेले सैनिक छावणीत बसून राहतात.

मग माणसं आणि यंत्रं. सॅडेकच्या पाहणी पथकाने २,९१६ सैनिक, सहा हेलिकॉप्टरं, गस्ती जहाजं आणि एक पाणबुडीसुद्धा मागितली होती. आठ देशांनी माणसं दिली. दक्षिण आफ्रिकेची मंजुरी १,४९५ जणांपर्यंत, बोट्स्वानाचे २९६, बाकीच्यांचे त्याहून कमी. एकूण संख्या दोन हजारांच्या आसपास राहिली आणि हेलिकॉप्टरं मोजकीच मिळाली. काबो देलगादोत पावसाळ्यात रस्ते वाहून जातात. हवेतून हलता येत नसेल, तर सैनिक कितीही शूर असोत, बंडखोर पुढच्या गावात पोचलेले असतात.

इथे थोडं थांबू, कारण संरक्षण उद्योगाचा संबंध नेमका इथे येतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला स्वतःचं लढाऊ हेलिकॉप्टर बनवू शकलेला देश एकच, दक्षिण आफ्रिका. त्याचं नाव रूइवाल्क, बनवणारी सरकारी कंपनी डेनेल. वर्णभेदाच्या काळात जगाने शस्त्रबंदी घातली, तेव्हा सगळं घरीच बनवायचं म्हणून हा उद्योग वाढला. रूइवाल्क बनली एकूण बारा, एक अपघातात गेलं. परदेशी गिऱ्हाईक कधी मिळालंच नाही. बारा नग विकून सुट्या भागांचा कारखाना चालत नाही. पुढे डेनेल गैरव्यवहार आणि कर्जात बुडाली, २०२० च्या सुमारास कामगारांचे पगार थकले, जाणते अभियंते निघून गेले. हेलिकॉप्टरं हँगरमध्ये उभी राहिली.

याची किंमत काँगोत दिसली. २०१३ मध्ये पूर्व काँगोत एम-२३ नावाच्या बंडखोर गटाविरुद्ध दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी या तीन देशांचं दल संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली लढलं. त्याच्यासोबत रूइवाल्क होती. नोव्हेंबरात एम-२३ मोडला. दहा वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, तेच तीन देश त्याच शत्रूविरुद्ध सॅडेकच्या नावाने पुन्हा गेले. या वेळी रूइवाल्क नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये पूर्व काँगोतलं गोमा शहर एम-२३ च्या हाती पडलं, दक्षिण आफ्रिकेचे १४ सैनिक मारले गेले, आणि उरलेले आपल्याच तळांत अडकून पडले. हेलिकॉप्टर असतं तर सगळं बदललं असतं असं मी म्हणणार नाही. समोरचा शत्रूही २०१३ च्या मानाने फार बळकट झाला होता. पण देखभालीवर वाचवलेला पैसा कुठेतरी वसूल होतोच.

प्रशिक्षण आणि हुकुमाची साखळी ही पुढची पायरी. एका छावणीत पोर्तुगीज, इंग्रजी, फ्रेंच आणि स्वाहिली बोलणारे सैनिक एकत्र येतात. मोझांबिकच्या सैन्याची भाषा पोर्तुगीज. वायरलेसवर एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळलं नाही, तर आपलेच आपल्यावर गोळ्या झाडतात. म्हणून एकत्र सरावाला महत्त्व. त्यातला काही भाग आपल्या अगदी जवळ झाला आहे: पुण्यात औंधच्या लष्करी तळावर मार्च २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये भारतीय लष्कराने आफ्रिकी देशांच्या तुकड्यांसोबत शांतिसेनेच्या कामाचा संयुक्त सराव केला.

काबो देलगादोत मात्र साखळ्याच दोन होत्या. रवांडाकडे पाल्मा आणि मोसिंबोआ, म्हणजे वायुप्रकल्पाचा पट्टा. सॅडेककडे माकोमिया, मुएदा, नांगादे असे आतले आणि दक्षिणेकडचे तालुके. सॅडेकच्या मोहिमेचा प्रमुख बोट्स्वानाचा, सेनापती दक्षिण आफ्रिकेचा; रवांडाचं सैन्य थेट किगालीचं, म्हणजे आपल्या राजधानीचं, ऐकणारं. बंडखोरांना हे लवकर उमगलं. एका पट्ट्यात दाब वाढला, की ते दुसऱ्या पट्ट्यात सरकत. नकाशावर दोन फौजांमध्ये आखलेली रेघ हीच त्यांची पळवाट झाली.

आता पैसा. सर्वांत जास्त मोहिमा याच पायरीवर घसरतात. सैनिकांचे भत्ते, इंधन, रसद, जखमींना उचलणारं विमान, हे रोजचं बिल असतं. सॅडेकची वर्गणी हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्ससारखी: सभेत सगळे हो म्हणतात, भरणारे ठरावीक असतात. ही अडचण साऱ्या खंडाची आहे. २०१६ मध्ये किगालीत राष्ट्रप्रमुखांनी ठरवलं, की प्रत्येक देशाने आयातीवर ०.२ टक्के उपकर लावून महासंघाचा खर्च भागवायचा. अनेकांनी तो लावलाच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २७१९ मंजूर केला. त्याने महासंघाच्या मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंतचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या नियमित वर्गणीतून देण्याची वाट मोकळी झाली. प्रत्येक मोहिमेला परिषदेची वेगळी मंजुरी मात्र लागते, आणि महासंघाच्या सोमालियातल्या मोहिमेच्या बाबतीत अमेरिकेने ती अडवली.

रवांडाच्या तुकडीला युरोपीय संघाने दोनदा, २०२२ आणि २०२४ मध्ये, प्रत्येकी दोन कोटी युरो दिले. युरोपला मोझांबिकचा वायू हवा होता आणि तो पट्टा रवांडाच राखत होता. पैसा कुणाचा ते पाहिलं, की फौज कुठे उभी राहील ते बरंचसं कळतं.

शेवटचा अडथळा म्हणजे आपापसातलं वैर. रवांडा आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात जुनं आहे. २०१४ मध्ये दोघांनी एकमेकांचे राजनैतिक अधिकारी हाकलले होते. मोझांबिकमध्ये हे दोघे एकाच बाजूला उभे होते. त्याच काळात पूर्व काँगोत ते समोरासमोर आले. एम-२३ च्या सोबत रवांडाचे सैनिक असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलं आहे. रवांडा ते नाकारतो. गोमा पडल्यावर राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांनी जाहीरपणे सांगितलं, की सॅडेकची ही फौज शांतिसेना नव्हेच, युद्धातला एक पक्ष आहे. मार्च २०२५ मध्ये सॅडेकने ती मोहीम गुंडाळली, आणि सैनिक परत निघाले ते रवांडाच्याच रस्त्याने. दुसरी वाट उरली नव्हती. तेव्हा ‘मित्रदेश’ हा शब्द अशा बातमीत दिसला, की कुठल्या आघाडीवरचे मित्र, एवढं आपण विचारून घ्यावं.

मोझांबिकमधली सॅडेकची मोहीम त्याआधीच, जुलै २०२४ मध्ये संपली होती. पैसा आटला होता, काँगोत माणसं हवी होती, आणि मोझांबिकलाही रवांडा अधिक सोयीचा वाटत होता. माघार सुरू असतानाच, १० मे रोजी, बंडखोर माकोमियात शिरले आणि गाव लुटून गेले. मागे राहिलेली जागा भरायला त्याच वर्षी रवांडाने आणखी सुमारे दोन हजार सैनिक पाठवले.

२०२५ च्या अखेरीस टोटलने साडेचार वर्षांची स्थगिती उठवली. भारतीय कंपन्यांच्या त्या ३० टक्क्यांची राखण तेव्हा रवांडाचे सैनिक करत होते, आणि त्यांचा तिथला मुक्काम महासंघाच्या किंवा सॅडेकच्या कुठल्याही ठरावावर नव्हे, तर मोझांबिक आणि रवांडा या दोन देशांच्या सरकारांमधल्या करारावर अवलंबून होता.