खुराड्यातून दुकानात

बेळगावच्या किराणा दुकानात अंड्यांचे ट्रे एकावर एक रचलेले आपण पाहतो. ती बहुतेक मोठ्या पोल्ट्रीतून येतात. तेथे पिंजऱ्याचा तळ उतरता असतो. घातलेले अंडे घरंगळत बाहेरच्या पन्हाळीत येते व घाणीपासून दूर राहते. मग ३० अंड्यांचा एक ट्रे, सात ट्रेंची म्हणजे २१० अंड्यांची पेटी, आणि पेट्या गाडीतून घाऊक व्यापाऱ्याकडे. १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी निघाली. त्यापूर्वी व्यापारी म्हणेल तो भाव. आता पोल्ट्रीवाले शेकड्याचा दर स्वतः सुचवतात.

आपल्या घरच्या गावठी अंड्याला असा दर नाही. गिऱ्हाईक त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला तयार असते, पण दुकानदार हात आखडता घेतो. डझनातली दोन नासकी निघाली तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात येते! आणि नासण्याचे कारण बहुधा आपल्याच घरी असते.

पाच-सहा कोंबड्यांची अंडी बाजाराच्या दिवसापर्यंत साठवली, की कालचे आणि आठ दिवसांचे एकाच टोपलीत जाते. खुराड्यात कोंबडा असेल तर अंड्यात जीव धरलेला असतो. उन्हाळ्याच्या उष्म्यात कोंबडी न बसताही तो वाढू लागतो, अर्धवट मरतो आणि अंडे कुजते. म्हणून रवणीपुरती अंडी ठेवली की कोंबडा वेगळा करावा. कोंबडी त्याच्यावाचूनही अंडी देते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. मात्र त्याचा परिणाम दोन-तीन आठवडे राहतो, तेव्हा उन्हाळा लागण्याआधीच हे करावे.

दुसरी चूक धुण्याची. आम्ही घरी आलो की आमच्या हातावर अंडी ठेवतात, तीही स्वच्छ धुऊन! कवचाला बारीक छिद्रे असतात व त्यांवर नैसर्गिक लेप असतो. धुतल्याने तो जातो, आणि गार पाण्याने आतला भाग आकसून घाणीतले जंतू आत ओढले जातात. त्यांनीच उलट्या-जुलाब होतात. घरट्यात कोरडे गवत घालावे, दिवसातून दोनदा अंडी उचलावीत, डाग कोरड्या फडक्याने पुसावा. फार माखलेले अंडे विकायला नेऊ नये.

अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालावी, निमुळते टोक खाली करून सावलीत ठेवावे. तीन-चार घरांनी मिळून आठवड्यातून दोनदा ट्रे पोचवला तर दुकानदारालाही ताजा माल मिळतो.

शंका आली तर अंडे पाण्यात सोडावे. ताजे तळाशी आडवे पडते, शिळे उभे राहते. तेही घरीच शिजवावे, कारण भिजलेले अंडे टिकत नाही. तरंगले तर विकू नये, खाऊही नये.