पहिला झटका : वर्गात धाप लागते तेव्हा

ऑक्टोबर महिना होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही हवेच्या दाबाचे प्रयोग दाखवायला गेलो होतो. शाळेच्या कुंपणाला लागूनच सोयाबीनचे रान होते आणि तिथे मळणीयंत्र चालू होते. सहावीच्या वर्गात खिडकीशी बसलेली एक मुलगी आधी खोकू लागली, मग तिने वहीवर मान टाकली. पाचेक मिनिटांनी बाईंनी तिला नाव विचारले, तर नाव आणि आडनावही तिला एका दमात सांगता येईना.

आम्ही काय केले? दोन बाके जोडून तिला आडवे निजवले, तोंडाला पाण्याचा तांब्या लावला आणि 'वारा येऊ दे' म्हणत मळणीच्या बाजूची खिडकी सताड उघडली. तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी धावत आल्या. त्यांनी तिला उठवून बसवले, टेबलावर कोपरे टेकवून पुढे झुकायला लावले आणि आम्हा सगळ्यांना बाजूला सारले. गावातल्या डॉक्टरांकडे नेब्युलायझर होता. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तिला तिथे नेले. दुपारी ती चालत घरी गेली. वडील मात्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "सर, आमच्या घरात दमा कुणालाच न्हाई."

पहिल्या झटक्याची अडचण हीच. दमा असल्याचे माहीत असलेल्या मुलाच्या दप्तरात पंप असतो, घरच्यांना काय करायचे ते ठाऊक असते. पहिल्या वेळी यातले काहीच नसते, आजाराला नावसुद्धा नसते. समोर असतात ते शिक्षक. निदान करणे हे त्यांचे काम नव्हे, पण श्वास कसा पाहावा आणि कितपत थांबावे, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

अडतो तो उच्छ्वास

मूल म्हणते, "श्वास घेता येत नाही." खरी अडचण श्वास सोडण्यात असते. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या बारीक नळ्यांभोवती स्नायूंचे कडे असते. झटक्यात ते आवळते, नळीचे आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ साठतो. श्वास घेताना छाती फुगते तेव्हा नळ्याही ताणल्या जाऊन थोड्या उघडतात. सोडताना छाती आकसते आणि मुळात अरुंद झालेल्या नळ्या आणखी मिटतात. शिट्टीसारखा सूं-सूं आवाज येतो तो बहुधा याच वेळी. आतली हवा पुरती बाहेर पडायच्या आधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतावे तशी छातीची गत होते.

हे स्वतः अनुभवून पाहता येते. (मोठ्यांनीच करावे, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी करू नये.) पूर्ण श्वास घ्या, पण अर्धाच सोडा. त्यावर पुन्हा श्वास घ्या, पुन्हा थोडाच सोडा. चार-पाच वेळा असे केले की खांदे वर चढतात, मानेचे स्नायू ताठतात आणि जीव घाबरा होतो. या अवस्थेत कुणी आपल्याला उताणे निजवले तर? पोटातले अवयव श्वासपटलाला वर रेटतात आणि श्वास आणखीच कोंडतो. उलट पुढे झुकून कोपरे टेकवले की खांद्यांचे आणि मानेचे स्नायू छातीच्या मदतीला येतात. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या तमकश्वासाच्या वर्णनात रोग्याला निजल्यावर त्रास होतो, बसल्यावर बरे वाटते आणि ढगाळ हवा, पाऊस, थंडी यांनी त्रास वाढतो, असे नोंदवलेले आहे. मावशींनी चरक वाचला नव्हता. घरात कुणाची तरी धाप पाहिली असावी.

गणिताच्या शिक्षकांसाठी थोडे आकडे. नळीतून प्रवाह संथ आणि सरळ असेल, तर होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे नळी निम्मी झाली की विरोध दुप्पट नव्हे, सोळापट होतो. प्रत्यक्ष फुप्फुसातला प्रवाह इतका शिस्तीत चालत नाही, पण अंदाज यायला हे पुरे. याची दुसरी बाजू आशेची आहे. निम्मी झालेली नळी औषधाने मूळच्या तीन-पंचमांश इतकी जरी उघडली, तरी विरोध सोळापटीवरून आठपटीच्याही खाली येतो. औषधाच्या चार फवाऱ्यांनी काही मिनिटांत मूल बोलू लागते, त्यामागे हे गणित आहे.

'घरात कुणाला नाही'

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठराविक दिवशी दम्याचे रुग्ण एकदम रुग्णालयात लोटत. असे २६ दिवस नोंदले गेले. शोधाअंती कळले, की त्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जाई आणि गाळणी नसलेल्या कोठारातून त्याच्या टरफलांची धूळ शहरावर पसरे. गाळण्या बसवल्यावर साथ थांबली. मळणीची धूळ आणि बंदरातली धूळ अगदी सारखी नव्हे, तरी सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ झाले. गवताचे परागकण फुटून त्यांचा बारीक चुरा लोकांच्या श्वासात गेला. हजारो लोक रुग्णालयांत धावले, दहाजण दगावले. दमा असल्याचे तोवर कधीच निदान न झालेले लोक त्या गर्दीत पुष्कळ होते.

मुलांमध्ये सगळ्यात नेहमीचे कारण मात्र साधी सर्दी. तिच्या जोडीला पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी, गळीत हंगामात जाळलेल्या पाचटाचा धूर, नाही तर वर्गातच झटकलेली सतरंजी. 'पहिला' झटकाही पुष्कळदा खरा पहिला नसतो. पहाटेचा खोकला, कवायतीत धावल्यावर येणारी ढास, दर सर्दीला छातीत होणारी घरघर या खुणा आधीपासून असतात. त्या वर्गशिक्षकांना घरच्यांइतक्याच दिसतात.

त्या दहा मिनिटांत

मुलाला बसते करा, धूळ-धुरापासून दूर न्या, गळ्याशी आवळलेले सैल करा. एकाने जवळ थांबून हलक्या आवाजात बोलावे आणि श्वास हळूहळू सोडायला सांगावे. दुसऱ्याने फोन करावा. तिसऱ्याने फळ्यावर वेळ लिहावी. नंतर 'किती वेळ झाला' याचे उत्तर प्रत्येकजण वेगळे देतो. मुलाला एकटे सोडू नये, 'जा घरी' म्हणून धाडू तर मुळीच नये.

सगळ्यात सोपी कसोटी बोलण्याची. पूर्ण वाक्य बोलता येते का, तीन-चार शब्दांवर थांबावे लागते का, की एकेकच शब्द निघतो? एकेक शब्द म्हणजे झटका तीव्र. श्वास अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. पाच वर्षांवरील मूल शांत बसले असताना मिनिटाला तीसच्या वर भरले, तर तेही तीव्रतेचे लक्षण. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, ओठ निळसर दिसणे, गुंगी येणे या धोक्याच्या खुणा. आणि एक फसवी खूण : धडपड चालूच आहे, पण शिट्टीचा आवाज मात्र बंद झाला. लोक म्हणतात, 'आता उतार पडला.' वास्तविक आवाज काढण्याइतकीही हवा तेव्हा हलत नसते.

पहिलाच झटका असेल तर या खुणांची वाट पाहू नये. लगेच १०८ ला फोन करावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि गाडीत ऑक्सिजन असतो. कोल्हापूर शहरात सी.पी.आर. रुग्णालय जवळ आहे, पण गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरातल्या शाळांना गाडी यायला वेळ लागणारच. तिथे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा, डॉक्टरांचा आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर आधीच भिंतीवर लिहिलेला हवा.

वाफारा देऊ नये, भाजण्याचा धोका तेवढा वाढतो. ओव्याची धुरी तर धूरच. तोंडाशी कागदी पिशवी धरणे घातक आहे.

प्रत्येक धाप दम्याची नसते. खाता-खाता हसताना एकाएकी सुरू झाली तर शेंगदाणा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. गांधीलमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठून ओठ सुजले आणि धाप लागली, तर ती तीव्र अॅलर्जी. तिथे अॅड्रेनलिनचे इंजेक्शन लागते. दोन्हींत घाई आणखी जास्त.

दुसऱ्याचा पंप द्यावा का?

वर्गात दुसऱ्या मुलाकडे साल्ब्युटामॉलचा पंप असतो, तेव्हा हा प्रश्न उभा राहतोच. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना असा पंप ठेवता येतो, पण तो डॉक्टरांनी आधीच दमा सांगितलेल्या किंवा पंप लिहून दिलेल्या मुलांसाठीच. म्हणजे पहिल्या झटक्याचे मूल वगळले गेले. ऑस्ट्रेलियातला प्रथमोपचार याउलट सांगतो : दमा आहे की नाही याची खात्री नसली तरी द्या, कारण दमा नसलेल्याला या औषधाने सहसा अपाय होत नाही, थोडा वेळ हात थरथरतात, छाती धडधडते. एकेक करून चार फवारे, प्रत्येकासाठी चार श्वास, मग चार मिनिटे थांबायचे, अशी त्यांची पद्धत आहे. आम्हाला ऑस्ट्रेलियाचे म्हणणे पटते. तरी शिक्षकांनी फोनवर डॉक्टरांना विचारून द्यावे आणि पंपावरचे नाव वाचून घ्यावे, कारण सगळेच पंप झटका उतरवणारे नसतात.

फवारा थेट तोंडात मारला की बराचसा घशालाच चिकटतो. म्हणून मध्ये पोकळ नळा, म्हणजे स्पेसर लावतात. नसेल तर पाण्याची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडा, फटी चिकटपट्टीने बुजवा. मुलाने बाटलीच्या तोंडाला ओठ लावून श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी अशा बाटल्या मुलांवर वापरून पाहिल्या. त्या विकतच्या स्पेसरइतक्याच उपयोगी पडतात, असा निष्कर्ष त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला.

झटका उतरला, मूल खेळायला लागले, तरी नळ्यांची सूज तशीच असते. त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायलाच हवे. सोबत शिक्षकांची चिठ्ठी द्यावी : किती वाजता, कुठे बसले असता, आसपास काय चालू होते, किती शब्द बोलता येत होते. निदानाला याचा फार उपयोग होतो.

त्या मुलीच्या घरी आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. पंप आणला होता, पण फडताळात ठेवला होता. "पंपाची सवय लागती म्हणत्यात, आणि पोरीची जात. त्यापेक्षा गोळी बरी," आई म्हणाली. आम्ही पाटीवर हिशेब मांडला. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध. पंपाच्या एका फवाऱ्यात १००. एक गोळी म्हणजे वीस फवारे, आणि तेही रक्तातून सगळ्या अंगभर फिरून मग छातीत पोचणार. वडिलांनी पाटी ओढून घेतली, भागाकार स्वतः करून पाहिला आणि विचारले, "सर, बाटलीला भोक केवढं पाडायचं?"