रहस्य कोणापासून लपवायचे?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही दहा-बारा जणांनी मिळून केलेला थरारपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांची प्रथम क्षमा मागतो. नऊ मिनिटांच्या त्या चित्रपटात ग्रंथालयातील एक दुर्मिळ पोथी नाहीशी होते, दिवे जातात, जिन्यावर पावले वाजतात आणि अखेरीस चोर सापडतो. चोर कोण, हे आम्ही आठ मिनिटे प्राणपणाने लपवून ठेवले होते. सभागृहाने ते दुसऱ्याच मिनिटाला ओळखले आणि मागच्या बाकांवरून त्याच्या नावाचा पुकारा सुरू झाला. उरलेली सात मिनिटे नुसता हशा. थरार एवढाच की, आता वीज जावी आणि खेळ बंद पडावा, अशी आम्ही मनोमन प्रार्थना करीत होतो.

हशा विसरता आला असता. पण चित्रपटातला चोर ग्रंथालयाचा शिपाई होता, आणि आमच्या ग्रंथालयातले मामा त्या दिवशी शेवटच्या रांगेमागे उभे राहून चित्रपट पाहत होते. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत करायला गेलो, तेव्हा शिक्का मारता मारता त्यांनी सहज विचारले, "चोर मीच निघालो का रे?" मला उत्तर सुचले नाही. खरे म्हणजे आम्ही त्यावर विचारच केला नव्हता. कोणी तरी चोर हवा होता आणि खाकी सदरा मिळण्यासारखा होता, इतकेच.

यंदा पुन्हा चित्रपट करायचे ठरले तेव्हा दिग्दर्शन करणाऱ्या आमच्या मैत्रिणीने एक अट घातली : तीन आठवडे कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. (कॅमेरा म्हणजे मोबाइल फोनच, पण कॅमेरा म्हटले की काम गंभीर वाटते.) त्या तीन आठवड्यांत आम्ही कथनशास्त्रावरचे थोडेफार वाचले, काही चित्रपट वही घेऊन पाहिले आणि पुष्कळ भांडलो. सिद्धान्त हे परीक्षेत उत्तरे लिहिण्यासाठी असतात, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. ती कशी ढासळली, ते सांगतो.

घडलेली गोष्ट निराळी आणि ती सांगण्याचा क्रम निराळा. हा भेद शंभर वर्षांपूर्वी रशियातील रूपवादी समीक्षकांनी स्पष्ट केला. पहिलीला ते 'फाब्युला' म्हणत, दुसऱ्याला 'स्युझेत'. आपण कथा आणि संविधानक म्हणू. बल्गेरियात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये लिहिणारा समीक्षक त्स्वेतान तोदोरोव याने १९६६ साली हाच भेद रहस्यकथेला लावून दाखविला. त्याचे म्हणणे असे की, गुन्हेगार शोधून काढण्याच्या कथेत एक नव्हे, दोन कथा असतात. एक गुन्ह्याची, जी पुस्तक उघडण्यापूर्वीच संपलेली असते. दुसरी तपासाची, जी आपण वाचतो. म्हणजे परिणाम आधी दिसतो आणि आपण कारणाकडे मागे मागे जातो. याला तो कुतूहल म्हणतो. याउलट थरारकथेत कारण आपल्यासमोरच घडते आणि पुढे काय होणार याची धास्ती लागते. ती उत्कंठा. आपल्या आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या ज्या रहस्यकथांची पारायणे केली (त्यांची संख्या हजारावर आहे), त्या या दृष्टीने पुन्हा चाळून पाहाव्यात. मोठी मौज येते.

आमच्या पहिल्या चित्रपटाचे निदान येथेच झाले. आम्ही थरार थरार म्हणत होतो आणि भिस्त ठेवली होती केवळ कुतूहलावर. तेही कसले? संशय घ्यायला एकच माणूस!

म्हणून यंदाची कथा आम्ही आधी घडली त्या क्रमाने कार्डांवर लिहून टेबलावर मांडली. एका हुशार विद्यार्थ्याला निबंधस्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले आहे. तो निबंध त्याने महाविद्यालयाच्या एका जुन्या वार्षिक अंकातून जसाच्या तसा उतरवला आहे. यंदाच्या अंकात जुने निवडक लेख पुन्हा छापायचे ठरते. तो घाबरतो, आणि त्या जुन्या बांधीव अंकातील निबंधाची पाने कापायला ब्लेड घेऊन संध्याकाळी ग्रंथालयात जातो. पाने कापून होतात तोच पावले वाजतात. तो पाने खिशात घालतो, पण गडबडीत ब्लेड पुस्तकातच राहते. थोड्या वेळाने अंकाची विद्यार्थी-संपादिका तेच पुस्तक घेऊन वाचायला बसते. तो ब्लेड न्यायला परत येतो.

आता यातले पडद्यावर पहिले काय दाखवायचे? येथे चार दिवस भांडण झाले. आमच्यातल्या अर्ध्यांचे मत, ब्लेड लपवून ठेवावे आणि शेवटी तिचे बोट एकदम कापले जावे, प्रेक्षक दचकतील. उरलेल्यांच्या मदतीला आल्फ्रेड हिचकॉक धावून आला. फ्रान्स्वा त्रुफोने १९६२ मध्ये त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली होती. तिच्यात त्याने दिलेला दाखला प्रसिद्ध आहे. दोन माणसे टेबलाशी बसून साधेसुधे बोलत आहेत आणि एकाएकी टेबलाखालच्या बॉम्बचा स्फोट होतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधीच दाखवला आणि भिंतीवरचे घड्याळही दाखवले, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकल्या जातात. त्याच्या 'रोप' (१९४८) या चित्रपटात तर आरंभीच खून होतो. प्रेत एका पेटीत ठेवून तिच्यावरच पाहुण्यांसाठी खाणे मांडले जाते. सगळा चित्रपट एका घरात! आमच्यासारख्या निर्धन निर्मात्यांनी तो अवश्य पाहावा.

पण हिचकॉकचे नाव घेऊन हुरळून जाण्याचे कारण नाही. संस्कृतच्या तासाला आपण विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' वाचतोच की! पहिल्याच अंकात राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती पडते आणि तो एक कपटलेख तयार करवून तिची मोहोर त्यावर उठवतो. हे आपल्याला ठाऊक असते, राक्षसाला नसते. पाचव्या अंकात तो लेख मलयकेतूपुढे येतो तोवर आपण त्या बिचाऱ्या स्वामिनिष्ठ अमात्याकडे ज्या नजरेने पाहतो, तिचेच नाव उत्कंठा. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी 'दृश्यम' (२०१५) घ्या. तो २०१३ च्या मल्याळम चित्रपटावरून केलेला आणि गोव्यात घडणारा. मृत्यू कसा झाला, कोणाच्या हातून झाला, हे सारे आपल्याला आधीच दाखवले आहे. राखून ठेवले आहे ते एकच : प्रेत कोठे आहे. म्हणजे नव्वद टक्के उत्कंठा आणि चिमूटभर कुतूहल. हे प्रमाण आम्ही सरळ उचलले. (निबंध उचलणाऱ्यावर चित्रपट करताना असे म्हणणे शोभत नाही, पण प्रमाण उचलणे निराळे आणि मजकूर उचलणे निराळे.)

तेव्हा ठरले असे की, ब्लेड पहिल्याच मिनिटात दाखवायचे. पाने का कापली ते लपवायचे. मग आम्ही एक तक्ता केला. तीन रकाने : प्रेक्षकाला काय ठाऊक, नायिकेला काय ठाऊक, त्याला काय ठाऊक. प्रत्येक दृश्याला एक ओळ. चित्रपट करू इच्छिणाऱ्या कोणालाही मी एकच सल्ला देईन, तो या तक्त्याचा. तिन्ही रकाने सारखे भरले की ते दृश्य मेलेले असते, हे कागदावरच दिसते. आमची तीन दृश्ये अशी निघाली आणि आम्ही ती निमूटपणे काढून टाकली. त्यातल्या एकात मला संवाद होता.

तक्त्यातून आणखी एक गोष्ट हाती लागली. सर्वांत अडचणीत आहे तो 'तो'. ती बोटाला जीभ लावून पाने उलटते आहे आणि समोर हा बसला आहे. सावध करावे तर आत ब्लेड आहे हे याला कसे ठाऊक, असा प्रश्न येईल. गप्प बसावे तर तिचे बोट कापेल. मग तो म्हणतो, "मी शोधून देतो." ती म्हणते, "नको, सापडेल मला." तो पाणी विचारतो, वेळ विचारतो. रोलाँ बार्थने 'एस/झेड' (१९७०) या पुस्तकात बाल्झाकच्या एकाच दीर्घकथेचे ५६१ तुकडे करून, कोड्याचे उत्तर लांबवण्याचे प्रकार वेगळे काढले आहेत : फसवे उत्तर, दुहेरी अर्थाचे उत्तर, अर्धे उत्तर, मध्येच तुटलेले उत्तर. पुस्तक कठीण आहे. मला ते सगळे समजले असे म्हणणार नाही. पण टेबलाशी बसलेल्या दोघांचे संवाद लिहिताना ती यादी समोर ठेवली आणि दोन रात्री अडलेले दृश्य एका बैठकीत झाले.

व्लादिमीर प्रॉपच्या बाबतीत मी सुरुवातीला साशंक होतो. त्याने १९२८ मध्ये शंभर रशियन परीकथा तपासून त्यांत ३१ प्रकारची कार्ये आणि सात भूमिका सापडतात, असे दाखविले. परीकथेचे माप थरारपटाला लावणे म्हणजे पायजम्याच्या मापाने कोट शिवणे, असे मला वाटे. अजूनही ती ३१ कार्ये कोणी दटावून बसवू लागला तर वाटेल. परंतु त्याच्या सात भूमिकांत खलनायकाखेरीज आणखी एक आहे : तोतया नायक. दुसऱ्याच्या पराक्रमाचे श्रेय घेऊन मिरवणारा तो. शेवटी खरा नायक खुणेवरून ओळखला जातो आणि तोतया उघडा पडतो. आमचा बक्षीस मिळवणारा विद्यार्थी खलनायक नव्हेच, तोतया आहे! हे कळताच त्याच्या काळ्या शर्टाला आणि वाकड्या हसण्याला रजा मिळाली. आता तो स्वच्छ इस्त्रीचा पांढरा सदरा घालतो आणि सगळ्यांना आवडतो.

मामांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच कोठे तरी होते. क्लोद लेव्ही-स्त्रोस या मानवशास्त्रज्ञाने पुराणकथांचा अभ्यास करताना त्यांतील विरोधी जोड्यांकडे लक्ष वेधले. तशा जोड्या आम्ही गेल्या वर्षीच्या चित्रपटातून काढल्या. उजेड आणि अंधार, वाचनकक्ष आणि मागचा जिना, पुस्तक वाचणारे आणि पुस्तकावरची धूळ झटकणारे. आम्ही झाडून सगळे काळे एका बाजूला टाकले होते. प्रेक्षकांना चोर दुसऱ्या मिनिटाला कसा ओळखता आला? आमच्याच डोक्यातली जोडी त्यांच्याही डोक्यात होती म्हणून. आमची कसब कमी पडली, हे त्यामानाने लहान कारण.

शेवटही सांगून टाकतो. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर चित्रपट दाखवून झालेला असेल. ब्लेडाचे पान जवळ येते तसा तो न राहवून पुस्तकावर आपलाच हात टाकतो. रक्त त्याचे निघते. ती चकित होऊन पुस्तक ओढते, कापलेली पाने पाहते आणि मग अगदी पहिल्या पानाकडे जाते. निबंध कापला, पण अनुक्रमणिका तशीच राहिली आहे. तिच्यातल्या एका शीर्षकावर तिचे बोट थांबते. तेच शीर्षक आपण पहिल्या मिनिटात सूचनाफलकावर त्याच्या नावापुढे वाचलेले असते. प्रॉपची खूण!

बाकी पूर्वतयारी रूक्ष आहे. लिहिलेले एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, या हिशेबाने सात पाने. ब्लेडाच्या जागी पुठ्ठ्याला चिकटवलेला चंदेरी कागद. ग्रंथालयाच्या ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचे शटर १/५० वर ठेवले नाही तर चित्रावर काळे पट्टे सरकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. हे एका वाया गेलेल्या संध्याकाळी कळले.

त्याच संध्याकाळी, पडेल चेहऱ्याने सामान आवरताना, आम्ही मामांना कथा सांगितली. खरे तर हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण बांधीव अंक उघड्या घोडीवर कुठं असतात? ते आतल्या कपाटात, कुलपात. नोंदवहीत सही केल्याशिवाय मी देत नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. सही असेल तर गुन्हेगार पहिल्याच मिनिटाला सापडला! तीन आठवड्यांची मेहनत त्या नोंदवहीत बुडाली.

मामा थोडे थांबून म्हणाले, "तुमच्या त्या पोराची मात्र मी सही घेतली नसती. बक्षीस मिळालेला मुलगा, त्याला काय अडवायचं? कपाट उघडून दिलं असतं." आणि मग, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवीत, "पानं कापलेली सापडली की विचारणार कुणाला? वहीत सही नाही, किल्ली माझ्याकडे."

कोणी काही बोलले नाही. दिग्दर्शिकेने तक्ता उलगडला, मामांकडे पट्टी मागितली आणि त्यांच्याच टेबलावर तिसऱ्या रकान्याशेजारी चौथा रकाना आखला. वर लिहिले, 'मामा'.

"पहिल्या ओळीत काय लिहू?" तिने विचारले.

"लिही," मामा म्हणाले, "साडेपाचला कपाट उघडून दिलं."