चेंडू कुठं गेला ते सांग

२३ मार्च २००३, रविवार. दुपारी इंदूरच्या कृष्णपुऱ्यात रस्ता मोकळा पडला होता. खान नदीवरचा पूल, काठावरच्या होळकरांच्या छत्र्या, राजवाड्याकडे वळणारी वाट, एरवी जिथं खांद्याला खांदा लागतो तिथं त्या दिवशी सायकल हात सोडून चालवता आली असती. जोहान्सबर्गला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला होता. आमच्या घरी टीव्हीच्या अगदी पुढ्यात आजोबा बसले होते आणि त्यांना पडद्यावरचं काहीही दिसत नव्हतं. काचबिंदूनं त्यांची नजर केव्हाच नेली होती.

झहीर खानच्या पहिल्याच षटकात पंधरा धावा गेल्या. पुढं रिकी पाँटिंग सुटला, नाबाद १४० धावांत आठ षटकार. प्रत्येक फटक्यावर टीव्हीतला समालोचक एखादा उद्गार काढी आणि थांबे. बाकीचं चित्र सांगत होतं. आजोबा मान माझ्याकडे वळवून विचारत, "कुठं गेला?" मी सांगायचो, "मिडविकेटवरून, थेट लोकांत." एकदा मी उत्साहात कोण काय बोलतंय, कोण पाहुणा आलाय ते सांगू लागलो, तर त्यांनी माझा हात दाबला. "कोण बोलतंय ते राहू दे. चेंडू कुठं गेला ते सांग."

गेल्या वीस-बावीस वर्षांत खेळाच्या मोठ्या सोहळ्यांत सिनेमा-मालिकांतले, गाण्याबजावण्यातले प्रसिद्ध चेहरे माइकपाशी कसे आले, याचा विचार करताना मला आजोबांचं तेच वाक्य आठवतं. मी त्याच मापानं हा काळ मोजत आलो आहे.

समालोचनाचा जन्म न दिसणाऱ्यासाठी झाला. १९३४ मध्ये मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरून ए. एफ. एस. तल्यारखान रेडिओवर बोलू लागले. त्यांना सोबत कुणी लागत नसे, दिवसभर ते एकट्यानं किल्ला लढवत. पुढं एका माइकवर तिघांनी पाळीपाळीनं बोलायचं ठरलं, तेव्हा त्यांनी ते काम सोडून दिलं. तल्यारखान स्वतः मोठी असामी होते, पण ऐकणाऱ्याला त्यांच्याकडून हवं होतं ते मैदान. आपल्याला डोळे नाहीत आणि या माणसाला आहेत, एवढ्याच विश्वासावर तो सगळा व्यवहार चाले.

आजोबांनी डोळे शाबूत असताना इंदुरात जे पाहिलं, ते आज सांगितलं तर गोष्ट वाटते. कर्नल सी. के. नायडूंचा होळकर संघ, मुश्ताक अलींची फलंदाजी, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होता आणि होळकरांकडून खेळला. १९४५ मध्ये मुंबईविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात त्यानं नाबाद २४९ धावा केल्या, तरी होळकर संघ हरला. हाच कॉम्प्टन पुढं इंग्लंडमध्ये ब्रिलक्रीमच्या जाहिरातींतून घरोघरी पोहोचला, आणि खेळ थांबल्यावर बीबीसीच्या टीव्हीवर समालोचनाला बसला. जाहिरातीतला चेहरा आणि माइकपाशी बसलेला जाणकार हे दोन्ही एकाच माणसात होते. प्रसिद्धी आणि समालोचन यांचं मुळातून वैर नाही, हे मला कॉम्प्टनवरून पटतं.

१९५५ मध्ये इंदुरात मालवा हाउसमधून आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं. पुढच्या दोन-तीन दशकांत क्रिकेटचं वर्णन हिंदी आणि इंग्रजीत आळीपाळीनं ऐकू येई. हिंदीची पाळी आली की ओट्यावरची माणसं पुढं सरकत. जसदेव सिंह, रवी चतुर्वेदी आणि आमच्याच इंदूरचे सुशील दोशी या मंडळींनी हिंदीला मैदानाची भाषा दिली. दोशींच्या बोलण्यात गोलंदाज धावत निघाला की वाक्यही धावत निघे आणि चेंडूचा टप्पा पडला की क्षणभर श्वास घेई. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंदूरच्या होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला त्यांचं नाव आहे. खेळाडूंची नावं कमानींना आणि कठड्यांना मिळतात. नुसत्या आवाजानं खेळ पोहोचवणाऱ्याचं नाव माझ्या गावानं मैदानावर कोरलं, याचा मला अभिमान आहे.

मराठीत हेच काम बाळ ज. पंडितांनी केलं. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला हा माणूस विनोदी कथाही लिहायचा. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत, षटक, निर्धाव हे शब्द वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून उठून घराघरांत बोलले जाऊ लागले, त्यात पंडितांच्या आवाजाचा मोठा वाटा आहे. पण मुंबई-पुण्याची केंद्रं दिवसा इंदुरात लागणं कठीण. आजोबा पुण्याला बहिणीकडे गेले की मराठी वर्णन ऐकून येत आणि परतल्यावर आठवडाभर 'एलबीडब्ल्यू'ला आग्रहानं 'पायचीत' म्हणत. इंदूरच्या मराठी माणसाची ही जुनी तहान आहे. खेळ आपल्या दारात, पण त्याचं वर्णन आपल्या घरातल्या भाषेत नाही.

मग चित्र आलं. १९८३ च्या डिसेंबरात इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यात इथला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. त्याच्या आगेमागे मोहल्ल्यात टीव्ही शिरला आणि एक नवी रीत पडली. टीव्हीचा आवाज बंद, शेजारी ट्रान्झिस्टर चालू. डोळ्यांना दूरदर्शन, कानांना आकाशवाणी. देशभर लाखो घरांनी ही जोडणी आपापली शोधून काढली होती. पुढं उपग्रहावरून फिरून येणारं चित्र रेडिओच्या मागं पडू लागलं. रेडिओवर फलंदाज बाद झालेला असे आणि पडद्यावर गोलंदाज अजून धावत असे. तेव्हा ती जोडी तुटली. टीव्हीच्या समालोचनाचं शहाणपण रिची बेनोंनी घालून दिलं होतं. चित्रात भर घालता येत असेल तरच बोला, नाहीतर गप्प राहा. पाहणाऱ्यासाठी ते सोळा आणे खरं. पण चेंडू कुठं गेला हे सांगण्याची जबाबदारी त्यातून उतरली, आणि जी जागा मोकळी झाली तिथं गप्पा आल्या. त्या गप्पांसाठी माणसं लागली, म्हणून चेहरे आले.

२००३ चा विश्वचषक भारतात सेट मॅक्सवर दिसला. मॅक्स मुळात हिंदी सिनेमांची वाहिनी. क्रिकेटच्या जाहिरातींचा खर्च वसूल व्हायचा तर पुरुषांसोबत बायकाही टीव्हीपुढं बसायला हव्यात, हे त्यांचं गणित. म्हणून 'एक्स्ट्रा इनिंग्ज' या कार्यक्रमात चारू शर्मांच्या शेजारी मंदिरा बेदी आली. १९९४ च्या, दूरदर्शनवरच्या 'शांती' मालिकेमुळे तिला देश ओळखत होता. तिच्यावर टीका किती झाली! तिच्या साडीची, ब्लाउजची चर्चा तिच्या प्रश्नांपेक्षा जास्त झाली. सुरुवातीला पॅनेलवरचे माजी खेळाडू आपल्या प्रश्नांना नीट उत्तरही देत नसत आणि आपण रडत असू, हे तिनं पुढं अनेक मुलाखतींत सांगितलं आहे.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मीही नाक मुरडणाऱ्यांत होतो. पण आमच्या घरात त्या महिन्यात काय घडलं ते मला सांगितलंच पाहिजे. आजी आयुष्यात पहिल्यांदा क्रिकेटसाठी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली. खेळाडूंना जे विचारायला आजी साठ वर्षं लाजत होती, ते ही मुलगी सगळ्यांसमोर विचारत होती. "या गोलंदाजाला आत्ताच का आणलं?" असा प्रश्न टीव्हीतून आला की आजी म्हणे, "हां, सांगा आता." आजोबांना ती दिसत नव्हती, म्हणून साडी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "ही ऐकते बरं का. प्रश्न विचारून उत्तर ऐकते." मंदिरानं समालोचन केलं नाही आणि तसा दावाही केला नाही. तिनं उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्यांना आत घेतलं. ते काम तिच्याआधी कुणी इतक्या मोठ्या मंचावर केलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय देण्यात आपण फार उशीर केला.

त्या वाटेनं मग अनेक जण आले. २०११ पासून आयपीएलच्या मंचावर पुण्यात जन्मलेली, परदेशात वाढलेली शिबानी दांडेकर दिसू लागली. वाट उलटीही चालली. कसोटी खेळलेले नवज्योतसिंग सिद्धू समालोचनातल्या शेरोशायरीवर इतके लोकप्रिय झाले की २००५ मध्ये ते विनोदाच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून बसले. खेळाडू मनोरंजनाकडे, मनोरंजनकार खेळाकडे. मधली भिंत दोन्ही बाजूंनी पडली. आणि भिंत पडली तसा खेळ हळूहळू मागं सरकला. मंदिराची जागा पुढं ज्यांना दिली गेली, त्यांच्यापैकी अनेकांकडून प्रश्नांची अपेक्षाच ठेवली गेली नाही. त्यांना उभं करायचं, हसवायचं आणि जाहिरातीकडे जायचं, एवढंच काम दिलं गेलं. हा दोष माइक हातात घेणाऱ्यांचा नाही, माइक देणाऱ्यांचा आहे.

१५ फेब्रुवारी २०१५ ला अ‍ॅडलेडला भारत-पाकिस्तान सामना होता. विराट कोहलीचं शतक, भारताच्या ३०० धावा, ७६ धावांनी विजय. त्या दिवशी हिंदी समालोचनात कपिलदेव आणि शोएब अख्तर यांच्या सोबतीला अमिताभ बच्चन होते. आठवडाभर आधीच त्यांचा 'शमिताभ' प्रदर्शित झाला होता. एकाचं शरीर आणि दुसऱ्याचा आवाज, अशी त्या सिनेमाची गोष्ट. प्रचाराचा भाग त्यात होताच. पण मला वेगळंच आठवत होतं. तरुणपणी याच आवाजाला आकाशवाणीनं नाकारलं होतं. १९६९ च्या मृणाल सेनांच्या 'भुवन शोम'मध्ये तो पहिल्यांदा निवेदक म्हणून ऐकू आला. २००१ मध्ये आशुतोष गोवारीकरांच्या 'लगान'मध्ये एका खेड्यातल्या क्रिकेट सामन्याची गोष्ट त्यानंच सांगितली. निवेदनाला जन्मलेला आवाज अखेर खऱ्या सामन्यापाशी पोहोचला होता.

आजोबा तेव्हा नव्हते. मी त्यांच्या जागेवर बसून थोडा वेळ डोळे मिटले. आवाज भारून टाकणारा होता, क्रिकेटवरची माया खरी होती, सोबतच्यांविषयीचा आदर शब्दाशब्दांत होता. पण डोळे मिटलेल्या मला क्षेत्ररक्षण दिसेना. स्लिपमध्ये किती, फाइनलेग वर आहे की सीमेवर, हे कळेना. पाहुणा पाहुण्यासारखा वागला, यात त्याची चूक नाही. जी नजर दोशींना वर्षानुवर्षं उन्हात बसून मिळाली, ती एका दुपारी कुणालाच मिळत नाही, मग तो कितीही मोठा असो.

जगभर हेच वारं वाहत होतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या वेळी लेस्ली जोन्स ही अमेरिकी विनोदी अभिनेत्री घरी बसून ट्विटरवर खेळांवर आरडाओरडा करत होती. तो इतका मनापासून होता की एनबीसी या वाहिनीनं तिला थेट रिओला बोलावलं. टोकियोच्या वेळी रॅपर स्नूप डॉग आणि केविन हार्ट यांनी घोडेस्वारीच्या दृश्यांवर केलेली टिप्पणी जगभर फिरली. २०२४ च्या पॅरिसमध्ये स्नूप एनबीसीचा खास वार्ताहर होता, त्यानं ऑलिंपिकची मशालही हाती घेतली. ड्रेसाज हा घोडेस्वारीचा प्रकार ज्यांना ठाऊक नव्हता, त्यांनी त्याच्यामुळे तो घोडा पाहिला. आमच्या आजीचीच गोष्ट ही, उंबरठ्याबाहेरच्याला आत घेण्याची. पण एनबीसीनं एक पथ्य पाळलं. प्रत्यक्ष खेळाचं वर्णन त्या खेळात आयुष्य घातलेल्यांकडेच ठेवलं. पाहुण्याला पाहुण्याची खुर्ची दिली, यजमानाची नाही. आपल्या वाहिन्यांनी यातलं हे पथ्य घ्यावं, असं मला कळकळीनं वाटतं.

२०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर बारा भाषांत आलं. भोजपुरीत अभिनेते रवी किशन बोलू लागले आणि आठवड्याभरात देशभर त्यांच्या फिती फिरल्या. मीही ऐकलं. त्यांच्या तोंडी फटक्याला, धावेला, झेलाला शेतातले, जत्रेतले शब्द येत होते. पंडितांनी मराठीसाठी आणि दोशींनी हिंदीसाठी जे केलं, त्याची सुरुवात इथं एक नट आपल्या बोलीसाठी करत होता. तिथं प्रसिद्धी भाषेच्या कामी आली.

आणि त्या बारा भाषांत मराठीही होती. केदार जाधव मराठीतून बोलत होता. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनीच, बंगळुरूच्या संघानं त्याला खेळायला बोलावून घेतलं आणि तो समालोचन सोडून मैदानावर गेला. सांगणारा आणि खेळणारा यांच्यात इतकं कमी अंतर मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी कृष्णपुऱ्याच्या पुलावरून चालत होतो. फोन खिशात, कानात मराठी. पलीकडच्या दुकानातल्या टीव्हीपुढं गर्दी होती. अचानक दुकानातून आरोळी उठली. माझ्या कानात गोलंदाज अजून धावत होता, फोन टीव्हीच्याही मागं होता. काहीतरी घडलं आहे एवढं कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. मी छत्र्यांकडे तोंड करून कठड्यापाशी थांबलो. गोलंदाज पोहोचला, चेंडू पडला, फलंदाजानं पुढं येऊन उचलला, आणि कानातल्या आवाजानं चेंडूचा माग सोडला नाही, तो हवेत असेपर्यंत सांगत राहिला.

"लाँगऑनवरून," मी मोठ्यानं म्हणालो. "थेट लोकांत." जुनी सवय, शेजारी कुणी विचारलं नव्हतं तरी.