स्पोर्टी छोटी कार, तीही मॅन्युअल गिअरची: घ्यायची असेल तर नेमकं काय बघायचं?

आकुर्डी आणि गिअर यांचं नातं जुनं आहे. 1972 साली बजाजची चेतक आली, ती इथल्याच प्लांटमध्ये तयार व्हायची. डाव्या हाताने क्लच दाबायचा, तीच मूठ फिरवायची आणि गिअर टाकायचा. एक आख्खी पिढी तिच्यावर गाडी शिकली. चेतक आजही आकुर्डीत तयार होते. जून 2022 मध्ये त्यासाठी इथे नवा प्लांट सुरू झाला. पण ही चेतक इलेक्ट्रिक आहे. तिला ना क्लच, ना गिअर.

कारचंही हळूहळू तसंच होतंय. ट्रॅफिक वाढलं, ऑटोमॅटिक गाड्या आवाक्यात आल्या आणि त्यामुळे चांगलं, ताकदवान इंजिन हवं असेल तर ते अनेकदा ऑटोमॅटिकमध्येच मिळायला लागलं. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही जगातली सगळ्यात गाजलेली छोटी स्पोर्टी कार. 2025 मध्ये ती भारतात आली, पण फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊन.

तरीही पहिल्या-दुसऱ्या नोकरीत असलेल्या बऱ्याच जणांना अजून तीन पेडलचीच गाडी हवी असते. गिअर स्वतः टाकायची मजा वेगळी असते, हे खरंच आहे. पण कारचं लोन पाच-सात वर्षं चालतं. निवड चुकली, तर तेवढी वर्षं हप्ताही भरायचा आणि रोज चिडचिडही करायची. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

स्पोर्टी म्हणजे नेमकं काय?

काळं छप्पर, लाल शिलाईच्या सीट आणि मागे दोन सायलेन्सर दिसले की गाडी स्पोर्टी वाटते. पण ही सगळी सजावट झाली. बघायच्या गोष्टी तीन आहेत.

पहिली गोष्ट टॉर्क. ताकद पीएसमध्ये सांगतात, टॉर्क न्यूटन मीटरमध्ये. सोप्या भाषेत, ताकदीवरून गाडी शेवटी किती जोरात पळेल ते कळतं, तर टॉर्कवरून ती आत्ता, या क्षणी किती जोरात ओढेल ते कळतं. आपण ज्याला पिकअप म्हणतो, त्यात टॉर्कचा वाटा मोठा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हा टॉर्क किती आरपीएमला मिळतो. 2024 ची नवी स्विफ्ट घ्या. तिच्या इंजिनला टर्बो नाही. सुमारे 112 न्यूटन मीटर टॉर्क मिळतो, तोही 4300 आरपीएमला. ह्युंदाई आय20 एन लाइनच्या 1.0 लिटर टर्बो इंजिनाला 172 न्यूटन मीटर मिळतो आणि तो 1500 आरपीएमपासूनच हाताशी असतो. इंजिन लहान असूनही टर्बो गाडी जास्त जोमदार का वाटते, ते इथे कळतं.

तिसरी गोष्ट वजन, स्टेअरिंग आणि सस्पेन्शन. वळणावर गाडी किती झुकते आणि ब्रेक मारल्यावर सरळ राहते का, हे कागदावर लिहिलेलं नसतं. ते चालवूनच कळतं.

सगळ्यांची इंजिनं 1.0 आणि 1.2 लिटरचीच का?

उत्तर आहे टॅक्स. 2006 च्या केंद्रीय बजेटमध्ये छोट्या कारची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत. या गाड्यांना कमी कर लागू झाला. ती सीमारेषा आजही कायम आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून या रेषेच्या आतल्या पेट्रोल कारवर 18 टक्के जीएसटी आहे आणि बाहेरच्या कारवर 40 टक्के.

आकडा टाकून बघा. कराआधी 8 लाखांची गाडी असेल तर एका बाजूला 1 लाख 44 हजार कर बसतो, दुसऱ्या बाजूला 3 लाख 20 हजार. म्हणून कंपन्या इंजिन लहान ठेवतात आणि त्याला टर्बो जोडून ताकद वाढवतात. आपल्याकडे छोट्या कारमध्ये मोठं इंजिन मिळत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

मग पर्याय कोणते?

गंमत म्हणजे या यादीतल्या बऱ्याच गाड्या आपल्याच परिसरात जन्मल्या.

चाकणमध्ये फोक्सवॅगनचा प्लांट 2009 मध्ये सुरू झाला. तिथून निघालेली पोलो 2022 पर्यंत विकली गेली आणि चालवायची आवड असलेल्यांची लाडकी झाली. शेवटच्या दोन वर्षांत तिला 1.0 लिटर टर्बो इंजिन (110 पीएस) आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळत होता. जुनी गाडी घ्यायची असेल तर हीच पोलो शोधतात.

पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावला 2015 मध्ये फियाटने अबार्थ पुंटो आणली. 145 पीएस ताकद आणि फक्त मॅन्युअल गिअर. फियाटने नंतर भारतातून गाशा गुंडाळला, त्यामुळे आज ती घ्यायची तर सुटे भाग शोधायची तयारी हवी.

टाटाच्या पुणे प्लांटमधली अल्ट्रोझ 2024 मध्ये रेसर रूपात आली. 120 पीएस, 170 न्यूटन मीटर, सहा गिअर आणि फक्त मॅन्युअल.

आय20 एन लाइन चेन्नईजवळ बनते. 2021 मध्ये ती क्लच पेडल नसलेल्या आयएमटी गिअरबॉक्ससोबत आली होती. 2023 मध्ये कंपनीने आयएमटी काढून सहा गिअरचा खराखुरा मॅन्युअल दिला.

स्कोडा कायलॅक ही चाकणचीच, चार मीटरच्या आतली एसयूव्ही. 115 पीएस, सहा गिअर मॅन्युअल आणि भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार.

बजेट वाढवता येत असेल तर चाकणचीच व्हर्टस. ही सेडान आहे, चार मीटरपेक्षा लांब, त्यामुळे कर 40 टक्के. तिचं 1.5 लिटर इंजिन 150 पीएस आणि 250 न्यूटन मीटर देतं. 2022 मध्ये हे इंजिन फक्त ऑटोमॅटिकमध्ये आलं होतं, 2023 मध्ये मॅन्युअल मिळाला.

एक लक्षात ठेवा. मॅन्युअल व्हेरिएंट कमी खपतात, म्हणून ते गाजावाजा न होता बंदही होतात. बुकिंगचे पैसे देण्याआधी नेमकं तेच व्हेरिएंट मिळतंय का आणि कधी मिळणार, हे शोरूमकडून लेखी घ्या.

आकुर्डी ते चाकण: खरी परीक्षा इथे

समजा तुम्ही आकुर्डीत राहता आणि चाकणला कंपनीत जाता. अंतर वीसेक किलोमीटर. पण शिफ्ट सुटायच्या वेळी तळवडे, म्हाळुंगेच्या रस्त्यावर पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही.

इथे टर्बो इंजिनाची दुसरी बाजू कळते. आरपीएम 1500 च्या खाली असेल तर टर्बोला पुरेशी हवा मिळत नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, गाडी क्षणभर विचार करते आणि मग एकदम उसळते. यालाच टर्बो लॅग म्हणतात. तो टाळायला माणूस हाफ क्लचवर गाडी ढकलत राहतो. हाफ क्लचमध्ये क्लच प्लेट घासत राहते, तापते आणि लवकर झिजते. वर डावा गुडघा बोलायला लागतो तो वेगळाच.

त्यामुळे क्लच किती हलका आहे, हा प्रश्न किती पीएस आहेत या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची?

शोरूमवाले सहसा मोकळ्या रस्त्यावर नेतात. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. तुम्ही संध्याकाळी, गर्दीच्या वेळी टेस्ट ड्राइव्ह मागा आणि एवढं करून बघा.

दुसऱ्या गिअरमध्ये स्पीड ब्रेकर ओलांडा आणि गिअर न बदलता गाडी उचलते का बघा. पुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघा. हिल होल्ड असेल तर गाडी मागे सरकणार नाही. क्लच कुठे पकडतो ते बघा, अगदी वर पकडत असेल तर पाय लवकर थकतो. तिसऱ्या गिअरमध्ये 40 वरून 80 पर्यंत किती सहज जाते ते, रस्ता मोकळा असेल तेव्हाच, बघा. लोणावळ्याच्या घाटात ओव्हरटेक करताना हाच गिअर लागतो, आणि उतरताना वेग धरून ठेवायलाही. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची सवय असेल तर ती सोडा. इंजिनाचा अटकाव मिळाला नाही तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

जुनी गाडी घेत असाल तर एक सोपी चाचणी आहे. वरच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच संपत आलाय. तो खर्च किमतीतून कमी करून मागा. सर्व्हिसची नोंदही बघा, कारण वेळेवर ऑइल न बदलल्याचा फटका टर्बोला बसतो.

शेवटचा हिशोब

शोरूमच्या किमतीवर थांबू नका. एमएच-14 पासिंग करताना पेट्रोल कारला 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि 10 ते 20 लाखांना 12 टक्के रोड टॅक्स लागतो. वर इन्शुरन्स. टर्बो गाडीचं ॲव्हरेज तर पूर्णपणे तुमच्या उजव्या पायावर अवलंबून असतं.

मग घ्यायची का? रोजचे दोन तास गर्दीत जात असतील आणि घाटात वर्षातून दोनदाच जाणं होत असेल, तर खरं सांगायचं तर ऑटोमॅटिक घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण कंपनीच्या बसने जात असाल, किंवा शिफ्टच्या वेळा रस्ता मोकळा असतानाच्या असतील आणि गाडी रविवारच्या लोणावळ्यासाठी, गावाच्या रस्त्यासाठी हवी असेल, तर मॅन्युअल तुम्हाला रोज पैसे वसूल करून देईल. फक्त निर्णय फार लांबवू नका. चेतकचा गिअर गेला, तसा तुमच्या आवडत्या कारचाही गिअर पुढच्या मॉडेलमध्ये असेलच याची खात्री कुणी देत नाही.