आठव्या जागेवरून फायनलपर्यंत

३१ ऑक्टोबरला जुमा होता. त्या दिवशी आम्ही नांदेडहून लातूरला गेलो ते आपाच्या मुलाला भेटायला. आपा म्हणजे आमची थोरली बहीण, मुखेड तालुक्यात दिलेली. तिचा मुलगा लातूरमध्ये ‘नीट’चं दुसरं वर्ष करतोय. आपल्याकडे त्याला सरळ ‘रिपीट’ म्हणतात. मे महिन्याच्या पेपरात फिजिक्सनं त्याला खाली ओढलं. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आपानंच ठरवलं, अजून एक वर्ष. मग ऑगस्टचा पाऊस आला, सप्टेंबरचा आला. सोयाबीन शेतातच सडलं. होस्टेलचा पुढचा हप्ता दिवाळीनंतर भरायचा होता. भावजींनी आम्हाला फोनवर एवढंच सांगितलं, “पोराशी बोलून बघा. त्याचं मन असेल तर पैसे कुठूनही उभे करू. नसेल तर सोबत घेऊन या.”

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोहोचेपर्यंत हे कसं विचारायचं याचाच विचार चालू होता. अठरा वर्षांच्या मुलाला “तुझं मन आहे का?” असं विचारलं की तो “हो” म्हणतो, आणि त्या “हो”वरून काहीच कळत नाही.

गंजगोलाईजवळ आमच्या चुलत भावाचं घर आहे. मुलाला होस्टेलमधून रात्री दहापर्यंतची परवानगी मिळाली होती. मगरिब झाली, जेवणं झाली, इशा झाली. आम्ही विषय काढणार इतक्यात तोच म्हणाला, “मामू, आज फायनल है. देखें?”

कसली फायनल? आम्हाला हा फुटबॉलवाला म्हणून माहीत. त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर अजून लेस्टर सिटीचं कोल्ह्याचं चित्र चिकटवलेलं आहे. ती गोष्ट त्यानं आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की आता आम्हीच सांगू शकतो. लेस्टर हे इंग्लंडमधलं शहर, तिथं आपल्याकडची, विशेषतः गुजराती माणसं पुष्कळ. २०१४-१५ च्या हंगामात त्यांचा क्लब प्रीमियर लीगमध्ये नाताळला तळाला होता. एप्रिलच्या सुरुवातीला नऊ सामने उरले होते, तेव्हाही तळालाच. त्या नऊपैकी सात सामने त्यांनी जिंकले आणि चौदाव्या जागी हंगाम संपवला. पुढच्याच वर्षी तोच संघ इंग्लंडचा विजेता झाला. अल्जेरियाचा रियाद महरेझ आणि फ्रान्सचा एन्गोलो कांते, दोघे त्या संघात. लोक विजेतेपदाची गोष्ट सांगतात. आमचा भाचा त्याच्या आधीच्या वर्षाची सांगतो, चौदाव्या जागेची.

पण त्या रात्री फायनल कबड्डीची होती. दिल्लीत, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. “फुटबॉल लंबा है मामू, पढाई में बैठता नहीं. कबड्डी चालीस मिनट,” असं त्याचं स्पष्टीकरण. कारण खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. पूर्ण कारण पलटणचा कर्णधार होता, अस्लम इनामदार.

अस्लम आपल्याच राज्यातला, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. लहानपणीच वडील गेले, आईनं मजुरी करून घर ओढलं, पोरांनीही मिळेल ते काम केलं. हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. आमच्या घरातल्या बायका कबड्डी बघायला लागल्या त्या या नावामुळे. पाठीवर ‘अस्लम’ लिहिलेला मुलगा पुण्याच्या संघाचा कर्णधार म्हणून नाणेफेकीला उभा राहतो, तेव्हा लोण म्हणजे काय हे माहीत नसलं तरी माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो.

या संघाचं मागचं सांगायला हवं, नाहीतर यंदाचं वर्ष कळायचं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण पहिल्यांदा प्रो कबड्डीच्या फायनलला पोहोचली आणि मुंबईत जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. अस्लम आणि मोहित गोयत हे दोघे मुख्य चढाईपटू दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हते. पुढच्या वर्षी अस्लम कर्णधार झाला. त्याआधी, ७ ऑक्टोबर २०२३ ला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण मिळवलं. एका गुणाच्या वादावरून तो सामना कितीतरी वेळ थांबला होता. अस्लम भारताच्या बाजूला होता, आणि समोर इराणचा धिप्पाड बचावपटू मोहम्मदरेझा शादलू. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव झाला आणि पलटणनं त्याच शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. परवा एकमेकांच्या अंगावर पडलेले दोघे आता एका जर्सीत. त्या हंगामात पलटणनं २२ पैकी फक्त दोन सामने गमावले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक घेतला. तो दिवसही जुमाचाच. हैदराबाद आम्हा नांदेडवाल्यांना पुण्याहून जवळचं, त्यामुळे सामना जणू आपल्याच अंगणात झाला असं वाटत होतं. रमजान दहा-बारा दिवसांवर होता.

मग घसरण. २०२४ च्या लिलावात शादलू हरियाणाकडे गेला. स्पर्धा मध्यावर आली असताना अस्लमचा गुडघा गेला आणि तो उरलेल्या हंगामाला मुकला. गतविजेता संघ बारामध्ये आठवा आला. तेव्हा पुढच्या फेरीत सहाच संघ जायचे. दुखण्यावर मीठ म्हणजे, त्या वर्षीचे बाद फेरीचे सामने पुण्यात, बालेवाडीला होते. घरच्या मैदानावर करंडक दुसऱ्यानं नेला, तोही हरियाणानं, शादलूला सोबत घेऊन. पुण्याच्या मुलांनी ते टीव्हीवरच बघितलं असणार.

गुडघ्याबद्दल भाच्यानं आम्हाला सामना सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटांचा पाठ दिला. बायोलॉजीचा विद्यार्थी, सोडतो कशाला! मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना आतून बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात. चढाई करणारा धावता धावता एका पायावर गर्रकन वळतो, किंवा पाय जमिनीवर रोवलेला असताना समोरचा घोटा धरतो. शरीर एकीकडे, गुडघा दुसरीकडे. पट्टा तुटला की तो जोडून घ्यावा लागतो, आणि परत खेळायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. अस्लमला नेमकं काय झालं ते त्याच्या डॉक्टरांना ठाऊक. पण भाच्याचं म्हणणं असं, की पायाची ताकद व्यायामानं परत येते, त्याच वेगानं वळायची हिंमत उशिरा येते. आम्ही म्हटलं, हे पुस्तकात आहे का? म्हणाला, “नहीं मामू, ये मेरा है.”

२०२५ च्या हंगामासाठी पलटणनं प्रशिक्षक बदलला. बी. सी. रमेश यांच्या जागी अजय ठाकूर आले. २०१६ चा विश्वचषक ज्यांच्या चढायांवर भारतानं जिंकला, तेच हे हिमाचलचे ठाकूर. कर्णधार मात्र तोच ठेवला. आठव्या जागेवरून आलेला संघ आणि गुडघ्यावरून उठलेला कर्णधार. दुसऱ्या कुणाला पुढे करणं सोपं होतं, कुणी नावंही ठेवली नसती. एवढ्याशा कारणावरून आम्हाला या संघाच्या मालकांबद्दल आदर वाटतो.

२९ ऑगस्टला विशाखापट्टणममध्ये स्पर्धा सुरू झाली. यंदा नियम बदलला होता. साखळीतही बरोबरी चालत नाही, टायब्रेकर खेळून निकाल लावायचा. पहिल्याच दिवशी बेंगळुरू बुल्ससमोर पलटण बरोबरीत अडकली आणि टायब्रेकरमध्ये निसटती जिंकली. तिथून गाडी चालू लागली. १८ सामन्यांपैकी १३ जिंकले आणि गुणतक्त्यात पहिल्या जागी आले. दिल्लीचेही तेवढेच गुण. आदित्य शिंदेसारखा कोवळा मुलगा चढाईत पुढे आला. अस्लमनं ओझं त्याच्या अंगावर टाकलं आणि स्वतः कधी चढाईत, कधी बचावात, जिथं भोक पडेल तिथं उभा राहिला. पूर्वीचा अस्लम सगळ्या चढाया स्वतः करायला बघायचा असं आमचं निरीक्षण आहे. जाणकारांनी माफ करावं, आम्ही कबड्डी शिकलो ती बैठकीत बसून.

बाद फेरीत पहिल्या सामन्यात दिल्लीशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि या वेळी टायब्रेकरनं पलटणला दगा दिला. दुसरी संधी होती. तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवून ते फायनलला आले, पुन्हा दिल्लीसमोरच.

तर लातूरच्या त्या बैठकीत आम्ही सात जण. चुलत भावाची दोन मुलं जमिनीवर, भाचा टीव्हीच्या अगदी जवळ, वहिनींनी चहाचा ट्रे आणून ठेवलेला आणि कुणी हात लावत नाही. दिल्लीच्या बाजूला इराणचा फजल अत्राचली होता, २०२२ ची फायनल हरलेल्या पलटणचा कर्णधार तोच. मध्यंतराला दिल्ली पुढे. दुसऱ्या अर्धात पलटण एकेका गुणानं जवळ येत गेली. भाचा मोठ्यानं ओरडत नव्हता. प्रत्येक चढाईला तो तोंडातल्या तोंडात सेकंद मोजत होता, तीसपर्यंत. शेवटच्या मिनिटांत तर धाकटी पोरंही त्याच्याबरोबर मोजू लागली.

३१-२८. दिल्ली जिंकली.

आम्हाला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. ज्या रात्री मुलाला हिंमत द्यायची त्याच रात्री त्याचा संघ हरावा! वहिनी म्हणाल्या, “जाने दो बेटा, अगले साल इन्शाअल्लाह.” त्यानं मान हलवली आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

होस्टेलपर्यंत चालत गेलो. ट्यूशन एरियात रात्री पावणेदहालाही झेरॉक्सची दुकानं उघडी असतात, टपऱ्यांवर पोरं उभी असतात. मग आम्ही विचारून टाकलं. सोयाबीनचं सांगितलं, हप्त्याचं सांगितलं, भावजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

“मामू, लेस्टर मालूम क्या हुआ बाद में?” तो म्हणाला. आम्हाला माहीत नव्हतं. २०२३ मध्ये क्लब खालच्या विभागात गेला, २०२४ मध्ये पहिल्या नंबरानं परत वर आला, २०२५ मध्ये पुन्हा खाली. “वर आले म्हणून वरच राहत नाहीत,” हे तो मराठीत म्हणाला. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की तो मराठीत येतो, ही त्याची लहानपणची सवय. मग म्हणाला, की जूनपासून त्याच्या फिजिक्सच्या टेस्टचे मार्क त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. अब्बांना ते दाखवा, मग ते ठरवतील. मला राहायचं आहे, पण मार्क बघून ठरवा, माझं तोंड बघून नाही.

गेटजवळच्या बल्बखाली त्यानं ते पान उघडलं. आम्ही मोबाइलमध्ये फोटो काढला. पहिले चार आकडे वाईट होते, ऑगस्टच्या पावसात दोन टेस्ट हुकलेल्या, तिथं रिकामे चौकोन. सप्टेंबरपासून आकडे हळूहळू चढलेले, मध्येच एक खाली घसरलेला. वॉर्डननं रजिस्टरमध्ये ९:५२ लिहिलं आणि गेट लावून घेतलं.

फोटो त्याच रात्री मुखेडला पाठवला. फजरनंतर आपाचा फोन आला. भावजींनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला म्हणे, आणि तो घसरलेला आकडा कोणत्या तारखेचा ते विचारायला सांगितलं आहे.